सैल बोल्ट, घट्ट ओठ

मोटारगाड्यांविषयी लिहिण्याचा मला काडीइतकाही अधिकार नाही, हे आरंभीच कबूल करतो. वाईच्या एका शाळेत एकतीस वर्षे मी मुलांना भूमिती शिकविली. वर्तुळाची त्रिज्या मला कळते. चाकाचे दुखणे कळत नाही. तरीही लिहावयास बसलो आहे. कारण ज्यांना चाकांतले कळते ते या विषयावर बोलत नाहीत, आणि ज्यांना बोलावेच लागते ते अशा बेताने बोलतात की ऐकणाऱ्याला काही उमगू नये. भाषा जेथे असल्या कामाला जुंपली जाते तेथे शाळामास्तराने तोंड घातले, तर त्याला कोणी आगाऊ म्हणू नये.

घडले ते असे. गेल्या फेब्रुवारीत तिन्हीसांजेच्या सुमारास आम्ही उभयता पाचगणीहून पसरणीचा घाट उतरत होतो. गाडी जुनी घेतलेली. पुण्याच्या एका गृहस्थांनी काही वर्षे वापरून विकली, ती दलालामार्फत माझ्या दारी आली. त्या दिवशी ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या अंगाने ‘खट्’ असा आवाज येई आणि गाडी किंचित बाजूला ओढ घेई. हिने दोनदा विचारले, “अहो, हे काय वाजतंय?” मी दोन्ही वेळा सांगितले, “रस्ता खराब आहे.” वाचकांनी माझे हे उत्तर ध्यानात ठेवावे. पुढे ते माझ्याहून पुष्कळ मोठ्या माणसांच्या तोंडी यावयाचे आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या मिस्त्रीकडे नेली. हा माझाच विद्यार्थी. प्रमेयांशी त्याचे कधी जमले नाही, पण हात सोन्याचा. त्याने जॅक लावून गाडी उचलली, चाक काढले, खाली वाकला आणि थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “सर, जरा इकडं या.” पुढच्या चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जखडून धरणारा जो खालचा दांडा, ज्याला ही मंडळी लोअर आर्म म्हणतात, त्याचा बोल्ट त्याने मला दाखविला. पाना न लावता, नुसत्या बोटांनी, तो बोल्ट फिरत होता.

“काल घाट उतरून आलात ना, सर?” त्याने विचारले. मी मान हलविली. त्यावर तो काही बोलला नाही, हे त्याचे माझ्यावर उपकार.

मी म्हटले, “खड्ड्यांनी ढिला झाला असेल.” तो म्हणाला, “खड्ड्यानं आर्म वाकतो सर, बुश फाटतो. हा मुळातच पुरता आवळलेला नव्हता. बघा, घासून घासून कसा चकाकतोय.”

यात काय शास्त्र आहे ते मी नंतर समजून घेतले, आणि ते भूमितीइतकेच सुंदर आहे. आपली समजूत अशी की बोल्ट म्हणजे खुंटी. तो आडवा राहतो म्हणून दोन लोखंडे जागेवर राहतात. तसे नाही. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो, आणि त्या ताणाने दोन भाग एकमेकांवर असे दाबले जातात की त्यांच्या घर्षणानेच सांधा धरून राहतो. मोळी बांधणाऱ्याला हे पुस्तकावाचून ठाऊक असते. दोर करकचून आवळला तर मोळी म्हणजे एकच ओंडका. आवळताना हात राखला, तर चार पावलांवर काटक्या आपसात सरकू लागतात, आणि काटक्या सरकल्या की दोर आपोआप सुटत जातो. युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगांनी हेच दाखवून दिले, की आवळलेल्या सांध्याला आडवे हेलकावे बसू लागले म्हणजे नट स्वतःहून उलटा फिरतो. एवंच, कारखान्यात ज्या दिवशी बोल्ट कमी आवळला गेला त्याच दिवशी माझ्या घाटातल्या संध्याकाळची तयारी झाली होती. आधी खटखट, मग ओढ, आणि वेळीच कोणी वाकून पाहिले नाही तर दांडा सुटून चाक आडवे पडते. स्टिअरिंग हातात राहते. गाडी हातात राहत नाही.

मिस्त्रीने बोल्ट तात्पुरता आवळून दिला आणि बजावले, “कंपनीच्या वर्कशॉपात दाखवाच.” मी साताऱ्यास गेलो. तेथे काचेआड बसलेल्या मुलाने गाडीचा चेसिस नंबर यंत्रात घातला आणि अगदी सहज म्हणाला, “काका, या गाडीवर एक कॅम्पेन ओपन दिसतंय.”

कॅम्पेन! मला प्रथम वाटले, दिवाळीची काही सवलत असावी. चौकशीअंती उलगडा झाला, की याच बोल्टासाठी कंपनीने या जातीच्या गाड्या परत बोलाविल्या होत्या, आणि त्याला दीड वर्ष उलटून गेले होते. काम पाऊण तासाचे. खर्च काही नाही. मी विचारले, “मग मला कसे कळविले नाही?” मुलाने पुन्हा पडद्याकडे पाहिले. “कळवलंय ना काका. मेसेज गेलाय, पत्र गेलंय.” कोणाला? पुण्याच्या त्या गृहस्थांना. गाडी त्यापूर्वी सहा महिने माझ्या नावावर झालेली होती.

कंपनीचे नाव मी लिहीत नाही. भीतीने नव्हे. एकीचे नाव लिहिले की बाकीच्या साऱ्या निर्दोष ठरतात, आणि मला तसे होऊ द्यावयाचे नाही.

पुण्याच्या गृहस्थांना मी फोन केला. भला माणूस. त्यांनी शोधून काढले; विम्याच्या आणि कर्जाच्या जाहिरातींत तो निरोप दडलेला होता. फार खजील झाले. म्हणाले, “अहो, गाडी विकली, आता आपला काय संबंध, असं वाटलं मला.” मी त्यांना दोष कसा देऊ? पत्राच्या आरंभी म्हणे ग्राहकांच्या समाधानाविषयी कंपनीला वाटणाऱ्या आस्थेचे वर्णन होते, मग खबरदारीचा उपाय म्हणून स्वेच्छेने हाती घेतलेल्या तपासणीचा उल्लेख, आणि शेवटी कोठेतरी तो बोल्ट. हे पत्र माझ्या वर्गातील मुलाने निबंध म्हणून आणले असते तर मी त्यावर एकच शेरा मारला असता: विषय शेवटच्या ओळीत आला आहे. ‘तुमच्या गाडीचे पुढचे चाक सुटू शकते; ती चालवू नका; ती कोणाला विकली असल्यास त्याला आजच सांगा.’ इतके मराठी लिहावयास कोणत्या विद्यापीठाची पदवी लागते?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गाडी जुनी घेतली तेव्हा एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म भरले गेले, पैसे भरले, परिवहन खात्याच्या दप्तरात माझे नाव, पत्ता, मोबाइलचा आकडा, सगळे चढले. सरकारला मी पुरता ठाऊक आहे. पुण्यात एकदा सिग्नलची पांढरी रेघ ओलांडली, तर घरी पोचण्यापूर्वी दंडाचा निरोप माझ्या खिशात वाजला, छायाचित्रासह! त्या वेळी कोणी पहिल्या मालकाला दंड पाठविला नाही. म्हणजे गाडी आज कोणाच्या ताब्यात आहे हे पाचशे रुपये वसूल करावयाचे असतील तर क्षणात कळते, आणि तिचे चाक निखळणार असेल तर दीड वर्षातही कळत नाही. साधने नाहीत असे कोणी मला सांगू नये. साधने आहेत, ती कोणत्या कामाला लावावयाची याची निवड कोणीतरी केलेली आहे.

माझे एक स्नेही पिंपरीच्या कारखानदारीत हयात घालवून निवृत्त झाले. ते माझ्यावर रागावले. म्हणाले, “तुम्ही मास्तर लोक उगाच ओरडता. कंपनीने गाड्या परत बोलाविल्या ही प्रामाणिकपणाची खूण आहे. जी बोलावीत नाही तिला शिव्या द्या.” यातले अर्धे मला शंभर टक्के मान्य आहे. लाखो गाड्या बनविताना एखादा बोल्ट सैल राहणे हा गुन्हा नव्हे; मनुष्याच्या हातून आणि यंत्राच्याही हातून चूक व्हावयाचीच. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको या जातींच्या ८७,५९९ गाड्या परत बोलाविल्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या या गाड्यांत स्टिअरिंगच्या टाय रॉडचा एक भाग सदोष असण्याची, आणि क्वचित तो मोडण्याची शंका होती. टाय रॉड मोडला म्हणजे चालक वळवील तिकडे चाक वळत नाही. हे कंपनीने शेअर बाजाराला रीतसर कळविले, मालकांना वर्कशॉपमार्फत कळवू असे सांगितले, भाग फुकट बदलून देऊ असेही सांगितले. यात मला वावगे काही दिसत नाही. मला खटकते ते निराळेच. शेअर घेणाऱ्याला, मग तो पहिला असो की दहावा, बातमी त्याच दिवशी मिळते. गाडी घेणाऱ्याला ती मिळावयाची तर तो पहिला असावा लागतो. आणि ईको ही कोणाची गाडी? शाळेची पोरे कोंबून नेणाऱ्यांची, रुग्णवाहिकेची, चार हात बदलत तालुक्याच्या गावी पोचणाऱ्यांची. पत्र ज्यांना सर्वांत उशिरा सापडावयाचे, नेमक्या त्यांची.

माझ्या स्नेह्यांचे उरलेले अर्धे म्हणणे मात्र मी मानीत नाही. परत बोलावणे ही कंपनीच्या मनाची थोरवी आहे, अशी त्यांची समजूत आहे. इतिहास तसे सांगत नाही. अमेरिकेत राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलाने १९६५ साली ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक लिहिले. त्यातले पहिले प्रकरण एका मोटारीच्या सस्पेन्शनवरच होते. ती जनरल मोटर्सची कॉर्व्हेअर. कंपनीने पुस्तकाला उत्तर दिले नाही. लेखकाच्या पाठीमागे गुप्त हेर लावले, आणि ते उघडकीस आल्यावर मार्च १९६६ मध्ये तिच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वाहन-सुरक्षेचा कायदा झाला. (न्यायाची गोष्ट म्हणून सांगतो, १९७२ च्या सरकारी अहवालात कॉर्व्हेअर त्या काळच्या इतर गाड्यांहून वाईट नव्हती असे म्हटले आहे. गाडीविषयी नेडर चुकला असेल. हेरांविषयी चुकला नाही.) आणि दोष दुरुस्त करावयाचा तो कंपनीच्याच खर्चाने, हे बंधन घालावयास १९७४ साल उजाडावे लागले.

आता खड्ड्यांची गोष्ट. मी हिला घाटात जे उत्तर दिले तेच टेस्ला या जगप्रसिद्ध कंपनीने अमेरिकेच्या सरकारला दिले. ऑक्टोबर २०२० मध्ये तिला चीनमध्ये सुमारे तीस हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दोष सस्पेन्शनच्या जोडदांड्यांचा. पण आदल्याच महिन्यात अमेरिकेच्या अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात कंपनीचे म्हणणे असे, की हे भाग मोडतात ते चालकांच्या आडदांडपणाने. फुटपाथच्या कडेला किंवा खड्ड्यात गाडी आपटल्याने. एकच गाडी, एकच दांडा. चीनमध्ये तो कंपनीचा दोष आणि अमेरिकेत चालकाचा! पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच कंपनीने अमेरिकेत २,७९१ गाड्या परत बोलाविल्या त्या पुढच्या सस्पेन्शनचे बोल्ट सैल होऊ शकतात म्हणून. तेथे मात्र खड्ड्यांचे नाव निघाले नाही. आणि जेथे खड्डे शोधावे लागतात तेथे हे उत्तर चालते, तर जेथे रस्ता शोधावा लागतो त्या आपल्या मुलखात ते किती सुखाने चालत असेल!

चालतेच. २०२२ साली या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. सरकारी अहवालात त्यांतील दहापैकी सातांचे कारण लिहिले आहे: अतिवेग. अतिवेग आहे, मी नाकारीत नाही. घाटात मला ओलांडून जाणारी पोरे मी रोज पाहतो. पण दरीत चेंदामेंदा होऊन पडलेल्या गाडीचा बोल्ट आधी सुटला की नंतर, हे कोण वाकून पाहतो? माझी गाडी त्या संध्याकाळी कठड्यावरून गेली असती तर कागदावर काय आले असते, ते मला आजच सांगता येईल. ‘वृद्ध चालकाचा ताबा सुटला.’ आणि हिने दोनदा विचारलेला प्रश्न कोणाच्याच जबानीत आला नसता.

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. २०१२ पासून मोटार कंपन्यांच्या संघटनेची स्वेच्छेची आचारसंहिता होती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आले आणि सदोष गाड्या परत बोलवावयास लावण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. ते मी चष्मा पुसून वाचले. वर्षाला दहा हजारांहून अधिक खपणाऱ्या मोटारीबाबत सक्तीची पायरी यावयास १,२५० तक्रारी लागतात. गणिताचा मास्तर म्हणून मला हा आकडा सोडवत नाही. पहिल्या माणसाने तक्रार केली, दुसऱ्याने केली, बाराशे एकोणपन्नासाव्याने केली, तोवर तो प्रत्येक जण एकटाच. प्रत्येकाला वर्कशॉपात सांगणार, ‘तुमच्याच गाडीत कसे झाले?’ शिवाय तक्रार करावयास माणूस जिवंत असावा लागतो. ज्याचा बोल्ट पुरता सुटला, त्याची तक्रार या बेरजेत कोणी धरावयाची? कायद्याने सरकारला चाचणीसंस्थांच्या आणि इतर मार्गांनी माहिती घेण्याची मुभा ठेवली आहे खरी. मुभा आणि कर्तव्य यांत अंतर असते.

त्याच नियमांत दुसरी मौज आहे. सात वर्षांच्या आतील गाड्यांनाच ही व्यवस्था लागू. खाजगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची! उरलेली आठ वर्षे ती कायद्याने रस्त्यावर धावावयास योग्य, पण परत बोलवावयास अयोग्य. आणि ही उत्तररात्रीची आठ वर्षे गाडी कोणाकडे असते? ज्याला नवी परवडत नाही त्याच्याकडे.

कोणी म्हणेल, मास्तर, आग लावणे सोपे, उपाय सांगा. उपाय मी शोधून काढलेला नाही, डोळ्यांसमोर पडलेला आहे. चेसिस नंबरांची यादी कंपनीकडे आहे, आजच्या मालकाचे नाव परिवहन खात्याकडे आहे. दोन याद्या शेजारी शेजारी ठेवावयाच्या. दरवर्षी विमा उतरविताना आणि धुराचा दाखला घेताना गाडीचा नंबर यंत्रात जातोच. तेथेच, ‘या गाडीचे अमुक काम राहिले आहे’ हे मराठीत दिसू द्यावे. आणि जुन्या गाड्यांच्या दलालाला असली गाडी दुरुस्त केल्याखेरीज विकता येऊ नये. हे शेवटचे तर अमेरिकेतही देशव्यापी कायद्याने साधलेले नाही. तेव्हा आपण एकदा तरी पुढे जाऊ या. भाड्याच्या गाड्यांबाबत तेथे कायदा झाला, तो कसा झाला तेही सांगतो. २००४ साली कॅलिफोर्नियात रेचेल आणि जॅकलिन हूक या दोघी बहिणी भाड्याच्या गाडीत मेल्या. एक चोवीस वर्षांची, दुसरी वीस वर्षांची. परत बोलाविल्याची सूचना भाड्याने देणाऱ्यांकडे महिनाभर आधी आलेली होती. ती कागदांत राहिली आणि गाडी भाड्याने गेली. त्यांच्या आईने अकरा वर्षे खेटे घातले, तेव्हा २०१५ साली त्या दोघींच्या नावाने कायदा झाला.

ही हकीगत वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून मी पाचगणीच्या टॅक्सीतळावर गेलो. माझ्याच जातीच्या पाच गाड्या तेथे उभ्या होत्या. सगळ्या जुन्या घेतलेल्या. चालकांनी प्रथम मला विम्याचा एजंट समजून वाटेला लावले. मग त्यांच्यातला एक जण माझ्या हाताखालचा निघाला आणि काम सोपे झाले. आर.सी. बुकांवरून पाचही चेसिस नंबर उतरून घेतले आणि साताऱ्याच्या त्या मुलाला वाचून दाखविले. तो मुलगा चांगला आहे. कुरकुर न करता त्याने एकेक तपासला. पाचांतल्या दोन गाड्यांवर तेच कॅम्पेन उघडे होते. दोघांपैकी एकालाही पत्र आलेले नव्हते.

एक जण त्याच आठवड्यात साताऱ्यास जाऊन काम करून आला. दुसऱ्याला मी आतापर्यंत चारदा सांगितले आहे. गेल्या खेपेस त्याने माझा हात धरून मला चहा पाजला, गाडीवर थाप मारली आणि म्हणाला, “लावतो सर, नक्की लावतो. एवढा दिवाळीचा सीझन होऊन जाऊ दे.”